कडी कुठल्या बाजूला

अंबडला माझं शेड आहे.
गेटं, ग्रिल, द्राक्षमांडवाचे अँगल,
आणि गेली सहा वर्षं
पाणबुड्या.

हसू नका. तीन झाल्यात. चौथी अर्धी पडलीय
पत्र्याच्या सावलीत, पोटात मांजरीची पिल्लं घेऊन.

समुद्र इथून चार तास, कसारा उतरून.
तरी नाशकात माणसांना खाली जायचं असतं.
का, ते मी विचारत नाही. मापं विचारते.
उत्तर ते माझ्या हेल्परला देतात.

कोठावदे ओझरला विमानं जोडून निवृत्त झाले.
वहीत दाबाची कोष्टकं, प्रत्येक आकडा चारनं गुणलेला.
"आठ मिलिमीटर पत्रा," म्हणतात,
आणि आठवड्यानं येऊन, "दहाच करू या."
माझी शिवण भिंगातून बघतात,
डॉक्टर जीभ बघतो तशी.
सहा वर्षांत त्यांची पाणबुडी
ठोकळ्यांवरून इंचभर हललेली नाही.
इतकी सुरक्षित वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

बोरस्त्यांनी वाइनची जुनी टाकी आणली.
"आत अजून वास येतो, तेवढीच सोबत."
जाडी विचारली तर हातोडीनं टकटक करून
कान लावला, कलिंगडाला लावतात तसा.
"पिकलीय. टाक वेल्डिंग."

चहाला दोघं समोरासमोर.
"बुडी आणि बुडणं यात फरक काय, बोरस्ते? फक्त वर येणं."
"वर यायचंच मोजत खाली जायचं
तर मोरीत बसा आणि बादलीत डोकं घाला."

मला प्रश्न एकच असतो:
झाकणाची कडी कुठल्या बाजूला?

कोठावदे: दोन्हीकडून. आत चाक, बाहेर चाक,
आणि चाक अडलं तर तिसरी सोय.
बोरस्ते: बाहेरून बारा नट. आतून कशाला?
मी आत काय भांडायला चाललोय?

मग गायधनी मॅडम आल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या.
त्या थेट माझ्याशी बोलल्या.
"मोटर नको. पंखा नको. मला कुठं जायचं नाही.
एक खुर्ची. दोन मीटर खाली. वीस मिनिटं.
कडी फक्त आतून."
"आणि बाहेरून?"
"बाहेरून लोक उघडतातच."

त्या दिवशी पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं:
ही पाणबुडी नव्हे, हे पिंप आहे.

मार्चात गंगापूरच्या बॅकवॉटरला गेलो,
ट्रॉलीत दोन नग आणि कोठावद्यांची वही.
बोरस्ते आधी. चार मिनिटं बुडबुडे,
मग दोर ताठ, मग काहीच नाही.
गाळ. ट्रॅक्टरनं ओढून काढलं.
अकरा नट निघाले, बारावा अडला.
कोठावद्यांचा हात थरथरत होता
पण पाना बरोबर तोच होता, नेमक्या मापाचा,
घरून आणलेला, फडक्यात गुंडाळलेला.
बोरस्ते कमरेइतक्या पाण्यात, हसत,
अंगाला आंबलेल्या द्राक्षांचा वास.
"सहा नट पुरे होते," म्हणाले.
कोठावद्यांनी वहीत लिहिलं: बारा मिलिमीटर.

कुणीच बदललं नाही. मला वाटलं होतं, बदलतील.

मग मॅडम. शिसं सोडायची दांडी हाताशी,
मांडीवर पर्स, का ते देव जाणे.
खाली गेल्या. पलीकडे एक टिबुकली
बुडी मारायची आणि भलतीकडेच निघायची.
विसावं मिनिट झालं. एकविसावं.
दोघं बाप्ये दोराला हात लावून उभे.
मी म्हटलं, थांबा.
का म्हटलं, मलाही ठाऊक नाही.
चोविसाव्याला पिवळं झाकण वर आलं.

"काय दिसलं?"
"गढूळ होतं."
एवढंच. आणि सावकाश चष्मा पुसला.

चौथी कुणाची, असं गिऱ्हाईक हेल्परला विचारतात.
तो माझ्याकडे बोट दाखवतो,
त्यांना वाटतं, गंमत करतोय.
पत्रा सहाचा. खुर्ची ठरलीय.
झाकण घासून तयार आहे,
कडी तेवढी टाकायची राहिलीय.
तोवर मांजरी ये-जा करते.